सकाळी भरलेली टाकी

हे मी बायकोलाही कधी सांगितलेलं नाही. तुम्हाला का सांगतोय — ते माझं मलाच नीट कळत नाही.

मी सुप्याला गाळे आणि शेड भाड्याने लावून देतो. पत्रा गळत असेल तर आधीच सांगणारा एजंट, अशी माझी ख्याती. आता मी सांगतोही. पण ही ख्याती मला दिली कोणी? शोभाताईंनी — आणि त्यांच्याच बाबतीत मी...

थांबा, नीट सांगतो. शोभाताई पारनेरच्या. कंपन्यांमधल्या कामगारांचे कपडे धुऊन, इस्त्री करून द्यायचं काम त्यांनी घरीच सुरू केलं. ते वाढलं, म्हणून गाळा हवा होता. भाड्याची घासाघीस नाही, काही नाही. एकच प्रश्न — "दादा, पानी हाय ना?"

माझ्याकडचा गाळा झकास होता, पण संक्रांत झाली की त्याचा बोअर आटायचा. मला ठाऊक होतं. मी धंद्यात नवा, एकही गाळा लागलेला नाही, सासरे येता-जाता "मग, काय चाललंय?" विचारणार. पण सासऱ्यांना कशाला मध्ये आणू? मला तो गाळा लावायचा होता.

संक्रांत उलटून गेली होती, म्हणून ताई गाळा बघायला यायच्या आधी सकाळीच मी टँकर बोलावून वरची टाकी भरून घेतली. त्या आल्यावर ऐटीत नळ सोडला. धो धो पाणी! त्यांनी ओंजळ धरली, तोंडावर हबका मारला, हसल्या. मी म्हणालो, "बोअरचं आहे."

उन्हाळाभर ताई कपड्यांची गाठोडी टेम्पोत घालून माहेरच्या विहिरीवर न्यायच्या. हातांना भेगा पडल्या. मी पाहिल्या — आणि काय म्हणालो? यंदा पाऊसच कमी झाला! वर त्याच मला समजावत होत्या, "तुमी काय जमिनीत डोकावून बघितलं हुतं का, दादा? तुमी तर नळ सोडून दाखवला."

तेव्हापासून भेटेल त्याला त्या हेच सांगतात. बेकरीवाला, गॅरेजवाला, सगळे त्यांच्या शब्दावर माझ्याकडे आले. माझं घर, मुलीचं कॉलेज, हे ऑफिस — सगळं त्यांच्यामुळे. त्यांचे उपकार या जन्मी फिटायचे नाहीत. भाऊबीजेला त्या मला ओवाळतात तेव्हा डोळे भरून येतात, आणि ते नाटक नसतं. पुढे भर उन्हाळ्यात बोअर तपासून त्यांना पाण्याचा गाळा मीच शोधून दिला. पण त्याने आधीचं पुसलं जातं, असं मी म्हणणार नाही.

परवा ताई धाकट्या जावेला घेऊन आल्या. तिला मसाल्याच्या गिरणीसाठी गाळा हवाय. दारातच तिला म्हणाल्या, "डोळे झाकून इस्वास ठेव. ह्यांनी मला नळ सोडून दाखवला हुता."

जावेनं मला वाकून नमस्कार केला. मी तो घेतला.