काचेच्या तळाची बोट

लग्नाला बरीच वर्षं झाली तरी आम्ही दोघंच असे कुठे गेलो नव्हतो. देवदर्शनाला निघालो तर अख्खं घर बरोबर, लग्नकार्याला गेलो तर ती बायकांत आणि मी मांडवात. घर पेणजवळच्या हमरापूरला, आणि घर म्हणजेच कारखाना. आमच्या गावात कारखाना म्हटलं की तो गणपतींचाच, वेगळं सांगावं लागत नाही. माती मळणं, मूर्ती साच्यातून काढणं, घासून गुळगुळीत करणं हे माझं काम. डोळ्यांची आखणी तिची. ती ब्रश टेकवायच्या आधी श्वास रोखायची आणि कुणीतरी न सांगता रेडिओ बारीक करायचा. गावात आखणी करणारे पुष्कळ होते, पण तिच्या हातचे डोळे मागून नेणारी गिऱ्हाइकं होती. मला त्याचा अभिमान होता, पण तसं कधी तिला सांगितलं नाही. आमच्यात बायकोची स्तुती करायची ती शेजाऱ्यापाशी.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. तिचं माहेर रोह्याचं. भाऊ तिथल्या एका कंपनीत शिफ्टवर. त्या साली त्याच्या खात्याला कंपनीनं बक्षीस दिलं आणि चिठ्ठी टाकून ज्याचं नाव निघालं त्याला अंदमानातल्या एका लहान बेटावर बायकोसह चार दिवस राहायला मिळणार, असं ठरलं. नाव मेहुण्याचं निघालं. पण त्याच्या बायकोचे दिवस भरत आलेले. त्यानं साहेबाला सांगून नावं बदलून घेतली आणि एका रविवारी आम्हाला रोह्याला बोलावून म्हणाला, ताय, तुम्ही दोघं जा.

मी आधी नाहीच म्हटलं. पौष महिना, कामाचा जोर अजून यायचा होता, हे खरं. पण कारखाना सोडून चार दिवस कुठे जायचं म्हणजे माझ्या जिवावर यायचं. मेहुण्यानं मग कंपनीचा तो रंगीत कागद तिच्या हातात दिला. त्यात नारळ होते, झोपड्यांसारख्या खोल्या होत्या, आणि एका कोपऱ्यात एका बोटीचं चित्र होतं. बोटीचा तळ काचेचा. बसलेली माणसं खाली वाकून पाण्यातले मासे बघताहेत.

"पाण्याच्या खालचं दिसतं?" तिनं भावाला विचारलं. तो म्हणाला, व्हय, दिसतं म्हणतात.

आमच्या खाडीचं पाणी म्हणजे दूध घातलेला चहा. मनगटापर्यंत हात बुडवला तरी बोटं दिसत नाहीत. माहेरी कुंडलिका नदीच्या काठावर ती वाढली, तिथंही तळ म्हणून काही बघायची सोय नव्हती. जन्मभर पाण्याशेजारी राहून पाण्यात काय आहे ते तिला ठाऊक नव्हतं. परतताना गाडीत तिनं तो कागद दोनदा उघडला आणि म्हणाली, "मला बाकी काय नको. ही बोट तेवढी दाखवा."

लग्नानंतर तिनं माझ्याकडे मागितलेली ही पहिली गोष्ट असावी. मी हो म्हटलं. घरी आईनं नाक मुरडलं, गावानं थट्टा केली. या वयात हनिमून का, असं एसटीच्या कंडक्टरनंही विचारलं. पेणमध्ये बातमी पसरायला पेपर लागत नाही.

मद्रासपर्यंत रेल्वे, पुढे विमान, मग लाँच. विमानात तिनं माझा दंड धरला तो उतरेपर्यंत सोडला नाही. बेटावर पोचलो तेव्हा संध्याकाळ झाली होती. खोलीत पांढरीशुभ्र चादर, तिच्यावर टॉवेलाचा हंस करून ठेवलेला. तिनं तो हंस उलगडला, नीट चौकोनी घडी केली आणि कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत दोघांनाही जाग आली, सवयच ती. तिनं व्हरांडा झाडायला केरसुणी मागितली. तिथला माणूस इतका गोंधळला की बिचाऱ्यानं खोलीत काही घाण राहिली असेल तर माफ करा म्हणून हात जोडले. आम्ही दोघंही हसलो. इतकं मोकळं आम्ही घरी कधी हसलो नव्हतो, कारण घरी हसायचं तर आधी कोण ऐकतंय ते बघावं लागतं.

पण वारा सुटला होता. काचेची बोट धक्क्याला बांधलेली. नावाडी हिंदीत म्हणाला, पाणी ढवळलंय, आज काही दिसायचं नाही, उद्या बघू. ती धक्क्यावर बसून राहिली. त्या दिवशी आम्ही बेटाला चक्कर मारली, शहाळी प्यालो. बाकीची जोडपी पाण्यात डुंबत होती. आम्ही साडी-पँट सावरत घोट्यापर्यंत गेलो आणि परत आलो. ती दर थोड्या वेळानं नारळाच्या झावळ्यांकडे बघून वारा पडला का ते पाही.

पुढच्या दिवशीही सकाळभर वारा तसाच. त्या पुढच्या सकाळी तर आमची परतीची लाँच होती. जेवण झाल्यावर वाळूत बसलो. हातावर हात धरून बसायची मला सवय नाही. वाळू ओली होती, बारीक होती, मुठीत दाबली की आकार धरत होती. माझे हात शिवशिवायला लागले. मी आधी नुसता ढीग केला, मग पोट, मग मांडी. ती म्हणाली, सोंड डावीकडे घ्या, उजवीकडून वारा हाय, टिकायची नाय. मग तीही सरसावली आणि शिंपल्याच्या कडेनं कानांच्या चुण्या काढू लागली. बघता बघता हातभर उंचीचा गणपती झाला.

माणसं जमली. कुणी फोटो काढले, एका गुजराती बाईनं तोंडात बोटच घातलं. तीच म्हणाली, बाकी सगळं सुंदर आहे, पण डोळे नाहीत. आदल्या रात्रीच्या शेकोटीत करवंट्यांचे कोळसे पडले होते. हिनं एक कोळसा कुटला, केसाला लावायच्या तेलात कालवला, झावळीची काडी चावून तिचा ब्रश केला. श्वास रोखला. मी समोरच होतो आणि मला हे थांबवायला हवं होतं, हे कळायला मला डोळे पुरे होईपर्यंतचा वेळ लागला. तिचाही हात शेवटच्या रेघेनंतर तसाच वर राहिला.

आमच्या घरात रीत आहे. डोळे नसतात तोवर ती माती. तिला आडवी करा, भिंतीकडे तोंड करून ठेवा, मोडून पुन्हा मळा. आखणी झाली की मग तिला उघड्यावर, पाय लागेल अशा जागी सोडायचं नाही. कुणीतरी जवळ असायला हवं, नाहीतर पाटावर घेऊन वर फडका घालायचा. इथे पाट कुठला आणि वाळूचा गणपती उचलणार कसा? हातानं मोडायची तर कल्पनाही नको. पाण्यानंच न्यायला हवा होता. आणि पाणी लांब होतं. दोष माझ्या सवयीचा. आमच्या खारेपाटातला, खाडीकाठचा माणूस काहीही मांडताना आधी भरती कुठवर चढते ते बघतो आणि त्याच्या वर मांडतो. मी नकळत किनाऱ्यावरच्या ओल्या रेघेशी, सगळ्यात वरच्या बाजूला बसलो होतो. तिथवर लाट पोचायला संध्याकाळ होणार होती.

आणि तेवढ्यात वारा पडला. झावळ्या थांबल्या. नावाडी धक्क्यावरून हाका मारू लागला, आत्ता चला, पाणी निवळलंय, एकच फेरी मारणार. जमलेली माणसं चपला गोळा करत पळाली. गुजराती बाई हिचा हात ओढत होती. पलीकडे काही पोरं चेंडू खेळत होती, दोन कुत्री वाळू हुंगत फिरत होती.

मी गणपतीकडे बघितलं, कुत्र्यांकडे बघितलं आणि म्हटलं, "असा कसा सोडायचा?"

तिनं गुजराती बाईच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. मग म्हणाली, "व्हय. नाय सोडता यायचा." आणि माझ्या शेजारी खाली बसली.

बोट सुटली ती आम्ही बसल्या जागेवरून बघितली. फार लांब गेली नाही, समोरच पाण्यात थांबली. माणसं वाकलेली दिसत होती, चित्रातल्यासारखीच. मधूनच त्यांचा ओरडा ऐकू येई. ती पदरानं कुत्री हाकलत होती. एकदा चेंडू जवळून गेला तेव्हा पटकन मध्ये आडवी आली. मी तिला म्हटलं, पुढच्या वेळी बघू. तिनं मान हलवली.

बोट परत आली तेव्हा गुजराती बाई मुद्दाम आमच्याकडे येऊन बसली आणि तिनं सगळं सांगितलं. पिवळे मासे, निळे मासे, मेंदूसारखं दिसणारं पोवळं, काचेखालून गेलेलं कासव. ही एकेक गोष्ट विचारून घेत होती. पिवळा म्हणजे हळदीसारखा की लिंबासारखा, पट्टे उभे की आडवे. मला वाटलं, चला, ऐकून तरी समाधान झालं. मी असाच होतो.

दिवस मावळताना पाणी आलं. तिनं बागेतलं जास्वंदीचं फूल आणून वाहिलं, आम्ही हळू आवाजात आरती म्हटली. आधी मांडी गेली, मग पोट. डोळे सर्वांत शेवटी गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी लाँच सुटली तेव्हा काचेची बोट धक्क्याला होती. ती रिकामी होती, तिच्या तळात फक्त आभाळ दिसत होतं.

घरी आल्यावर रंगकाम करणाऱ्या बायकांनी तिला घेरलं. मी पलीकडच्या खोलीत मूर्ती घासत होतो. काय बघितलं गो, अशी सुरुवात झाली आणि ती सांगू लागली. बोट कशी काचेची, खाली बघितलं की कसं गरगरतं. हळदीसारखे पिवळे मासे, त्यांच्यावर उभे पट्टे. "कासव पार माझ्या पायाखालून गेलं गो. मी पाय वर घेतले." बायका हसल्या. एकीनं दारातून वाकून मला विचारलं, दादा, तुम्ही नाय घाबरला?

माझ्या हातातला पॉलिशचा कागद थांबला. खोटं बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं. विड्यात कात कमी पडला तरी सांगणारी बाई ती. मी म्हटलं, नाय, मी नाय घाबरलो. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

त्या साली तिनं काही मूर्तींच्या बैठकीवर बारीक मासे काढले, पिवळे, उभ्या पट्ट्यांचे. लोकांना आवडले. मग दर साली निघू लागले. दर दिवाळीनंतर मी म्हणायचो, यंदा जाऊ. एकदा आईचं आजारपण, एकदा शेडचं काम, एकदा मुलांची दहावी. आणि काहीच नसेल तेव्हा कामाचं निमित्त होतंच, ते मला कधीही पुरायचं. तिनं कधी आठवण करून दिली नाही. गोष्ट मात्र सांगत राहिली आणि दरवेळी तिच्यात एखादा नवा रंग भरत राहिली.

दशक संपत आलं होतं तेव्हा आम्ही रोह्याला गेलो. त्या पौषात जन्मलेली भाची आता शाळेत जात होती. ती आत्याच्या मांडीवर डोकं टाकून म्हणाली, मासे सांग. हिनं सांगितले. मेहुणा कौतुकानं ऐकत होता. माझ्या जागी तुम्ही गेलात ते बरं झालं, म्हणाला. मला तिथून उठून ओटीवर जावं लागलं.

परतीच्या गाडीत गर्दी नव्हती. नागोठणं गेल्यावर मी म्हटलं, या दिवाळीनंतर नक्की जाऊ, कारखाना पोरगा बघेल.

"आता नको," ती म्हणाली. "आता बघितलं तर मी सांगते तसं निघायचं नाय."

बाहेर भाताची कापलेली शेतं होती. इतक्या वर्षांत मनात घोळत असलेली गोष्ट मी तेव्हा पहिल्यांदा तोंडावाटे काढली. म्हटलं, "त्या दिवशी एकानं बसलं असतं तरी चाललं असतं गो. मी बसलो असतो, तू जाऊन आली असतीस. मला सुचलंच नाही."

तिनं मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे केले.

"मला सुचलं व्हतं," ती म्हणाली. "तुम्ही 'तू जा' बोलाल म्हणून बसले व्हते."

कासू आलं, गाडी थांबली. कुणी चढलं नाही, कुणी उतरलं नाही. पेण येईपर्यंत मी तिच्या हातांकडे बघत बसलो.