वज्राच्या मुठीची घंटा

पाकळी हलत नव्हती. भटजींनी देवाच्या दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवल्या होत्या आणि मी हातात म्युझियमचा लोन फॉर्म, म्हणजे वस्तू उसनी मागायचा अर्ज, धरून घामाघूम उभी होते. आमच्याकडे याला कौल म्हणतात. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. म्युझियमच्या फॉर्मात हा रकाना नव्हता.

नकार आला असता तर माझी नोकरी गेली असती. मी प्रोबेशनवर होते, म्हणजे कायम होण्याआधीच्या परीक्षेच्या वर्षात. पूजेतल्या हिंदू आणि बौद्ध वस्तूंचं प्रदर्शन ठरलं होतं. निमंत्रणपत्रिका छापून झाल्या होत्या आणि त्यांवर फोटो होता याच देवळातल्या घंटेचा. घंटा मागायच्या आधी फोटो छापायचं कोणी सुचवलं? मीच. तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि मला सगळं येत होतं. आता पासष्टी उलटली, बरंच विसरले, तेवढी शहाणी झाले.

देऊळ गोव्यातलं, पाळी-सुर्ल्याच्या वाटेवरचं. खाणींतलं ओअर, म्हणजे लोहखनिज, नेणाऱ्या ट्रकांच्या धुळीने तिथली तुळससुद्धा तांबडी. घंटा मात्र लखलखीत. पूजेच्या हातघंटेच्या मुठीवर आपल्याकडे बहुधा गरुड असतो, नाहीतर नंदी. ती वाजवायची देवांना ‘या’ आणि वाईटाला ‘जा’ सांगायला. या घंटेच्या मुठीवर वज्र होतं, कळीसारख्या मिटलेल्या दांड्यांचं. हिमालयातल्या बौद्ध पूजेत अशी घंटा असते. घंटा म्हणजे प्रज्ञा, तिची पोकळी म्हणजे शून्यता, आणि वज्र म्हणजे करुणेचा कधी न भंगणारा मार्ग. डिचोली तालुक्यात हे बघून माझं डोकंच फिरलं. आतल्या बाजूला अक्षरंही होती. मला ती वाचता आली नाहीत, म्हणून मी ती प्राचीन ठरवली.

देवस्थानच्या अध्यक्षांना मी एवढंच विचारलं होतं की घंटा जुनी आहे ना. देवाची वस्तू ती, जुनीच असतली, असं ते म्हणाले. मी वहीत ‘जुनी’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या. याला मी फील्डवर्क म्हणत असे.

पाऊण तासाने उजवी पाकळी पडली. मग भटजींनी आणखी दोन गोष्टी विचारल्या आणि देवाने त्यांनाही उजवाच कौल दिला. घंटा दोन वेळ वाजली पाहिजे, आणि ती एकटी जाणार नाही, सोबत गावचं माणूस जाईल. माणूस ठरलं सत्यभामावयनी, देवळातली भांडी वर्षानुवर्षं चिंचेने घासणारी. ‘विशेष अटी’ या रकान्यात मी हे सगळं इमानदारीने लिहिलं.

सरांनी, म्हणजे आमच्या क्युरेटरांनी, फॉर्म दोनदा वाचला.

“वस्तूंना हात लावू नये, ही पाटी आपणच लावतो ना?”

“हो सर.”

“आणि ही दिवसातून दोनदा वाजवायची.”

“हातमोजे घालून, सर.”

त्यांनी सही केली. पत्रिका छापल्या होत्या, करतात काय.

उद्घाटनाच्या सकाळी वयनी नवं नऊवारी नेसून काचेच्या कपाटाजवळ उभी होती. चष्मा घरी राहिला म्हणाली, आणि लेबलवर काय लिहिलंय ते मला वाचायला लावलं. मी खणखणीत आवाजात वाचलं, जरा सरांनाही ऐकू जावं म्हणून: हजार वर्षांपूर्वी या परिसरात नांदलेल्या बौद्ध संघाचा पहिला धातूचा पुरावा.

वयनीने मान डोलावली. “बरां लिवलंस गो बाये. पण ही माझ्या झिलान हाडली.”

झील म्हणजे मुलगा. कुठून आणली, म्हटलं.

“लडाखातसून. मिलिटरीत आसा मगो तो. थंय बर्फात अडकलो, तेन्ना मी देवाक आंगवलेलां, झील जितो येव दी, घंटा वाहतंय. आठ वर्सां जाली.”

आंगवणे म्हणजे नवस बोलणे. हजारातून नऊशे ब्याण्णव वर्षं एका वाक्यात गेली.

“मग हे आधी सांगायचं नाही का?”

“तू देवाक विचारलंस. माका खंय विचारलंस?”

मागे सर उभे होते. प्रमुख पाहुण्यांची गाडी फाटकातून आत येत होती. सरांनी लेबल काढलं, कोरं कार्ड पुढे ठेवलं आणि आपलं पेन दिलं. मी लिहिलं: ‘हिमालयातील बौद्ध पूजेची घंटा. बर्फातून सुखरूप परतलेल्या सैनिकाच्या आईने ग्रामदेवतेला वाहिलेली.’ घंटेतली अक्षरं मंत्राची आहेत, तिबेटी लिपीतली, हे सरांनी शेजारून सांगितलं. त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं म्हणे. मी त्यांनाही विचारलं नव्हतं.

पाहुणे त्या एका कपाटापाशीच रेंगाळले. पुढचे दिवस गर्दीही तिथेच. वयनी दोन वेळ घंटा वाजवायची, मुलाची गोष्ट सांगायची, आणि तिसऱ्या दिवसापासून मी येणाऱ्यांना ऐकवायची ते व्याख्यानही सांगू लागली. ही पोकळी म्हणजे शून्यता, पण आतसून घासूक भारी त्रास.

माझं प्रोबेशन आणखी तीन महिने वाढलं. फायलीत सरांचा शेरा होता: ‘चौकशी देवापर्यंत पोचली, माणसांपर्यंत नाही.’ पुढे कायम झाले, तीस वर्षं टिकलेही. वस्तू हातात आली की आधी विचारायची, ही घासतं कोण. पुस्तकं त्यानंतर उघडायची.