भोपाळची गाडी मोठ्या लाइनवरून

होस्टेलवर नव्या आलेल्या मुली सुट्टीत घरी निघाल्या की मला विचारतात, "ताई, गाडी कशी पकडायची?" मी काही मोठी जाणकार नाही. पण एक नक्की सांगते, आत बसलेल्या माणसाला आधी विचारा, ही गाडी कुठे जाते. पाटी वाचली असली तरी विचारा. लाजू नका.

मी भोपाळला मुलाखतीला निघाले तेव्हा हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मुलाखत कम्प्युटरच्या कोर्सची, दुसऱ्या दिवशी सकाळी. जो येणार नाही त्याची जागा पुढच्याला, असं कॉलेजातून आधीच कळवलं होतं. सकाळपर्यंत पोचवणारी गाडी ती एकच, दुपारची. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली, त्यामुळे घरात कुणाला विचारावं असं कुणी नव्हतं. बाबा सोबत येणार होते. ते कामाला होते ती कापडाची मिल बंद पडल्यापासून त्यांना कुठे वेळेवर पोचायचं कारणच उरलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी स्वतःच शर्टाला इस्त्री केली आणि आईला दोनदा सांगितलं, "पोरीला मी नेतो, तू काळजी करू नको."

आमचे सगळे नातेवाईक अकोल्याकडचे. लग्न असो की बारसं, जायचं ते खांडव्यावरून, छोट्या लाइनच्या, म्हणजे अरुंद रुळांच्या गाडीनं. स्टेशन म्हणजे आमच्या लेखी तेवढीच बाजू. बाबा मला सरळ तिथेच घेऊन गेले. गाडी उभी होती. बाबांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली, मला खिडकीशी बसवलं आणि खुशीत म्हणाले, "बघ, लवकर आलं की असं असतं."

"बाबा, कुणाला विचारूया का?"

"अजिबात नाही. विचारलं की नवखा आहे हे कळतं, आणि मग सामान जातं."

समोर रिकाम्या दुधाच्या कॅन घेऊन एक बाई बसल्या होत्या. गावाकडच्या असाव्यात. माझ्या हातातली फाइल बघून त्यांनीच विचारलं, "कठे जई री बेटा?"

"भोपाल."

बाई हसल्या नाहीत. बाबांकडे वळून म्हणाल्या, "भिया, या गाड़ी तो महू जायगी. भोपाल की बड़ी लाइन पे लगे, पुल के उधर."

शेजारचा एक माणूस मात्र म्हणाला, "बैठे रहो काकाजी, महू भी अच्छी जगह है. हवा-पानी बढ़िया." डब्यात दोघं-तिघं हसले. बाबांचे कान लाल झाले. बाईंनी त्या माणसाला झापलं, "चुप रे, छोरी की परीक्षा हे," आणि आम्ही उतरलो तशी आमची पिशवी खिडकीतून खाली दिली.

आम्ही पूल चढलो. बाबांना धाप लागत होती, कापसाच्या धुळीत इतकी वर्षं काढलेली छाती ती. मी पिशवी घ्यायला गेले तर ते देईनात. पलीकडच्या जिन्याच्या शेवटच्या पायऱ्यांवर होतो तेव्हा खाली लांबच लांब गाडी दिसली, आणि तेवढ्यात इंजिनाची शिटी झाली.

बाबा थांबले. जिन्यावरच, कठड्याला धरून. म्हणाले, "गेलं. चल घरी."

मला आधी समजेना. गाडी अजून हललीही नव्हती. मग त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि लक्षात आलं. मिलचा भोंगा संपला की फाटक बंद. त्यानंतर आलेला माणूस वाद घालत नाही, जेवणाचा डबा घेऊन परत जातो. बाबा उभ्या आयुष्यात एकाच आवाजाला घाबरत आले होते, आणि हा आवाज त्यांना तोच वाटला.

मी बाबांना कधी हुकूम केला नव्हता. आमच्यात तसं बोलत नाहीत. पण मी त्यांचं मनगट धरलं आणि म्हणाले, "ही मिल नाही बाबा. चला."

जिन्यासमोर जो डबा होता त्यात चढलो. दारातल्या एका पोरसवद्या फौजीनं बाबांना हात दिला. आम्ही आत उभे राहिलो, मग गाडीला धक्का बसला आणि प्लॅटफॉर्म मागे सरकू लागला.

देवास आल्यावर जागा मिळाली, बाबा पाणी प्यायले, आणि त्यांनी मला हळूच विचारलं, "शिटीनंतरही चढता येतं, हे तुला कसं माहीत?"

"मला तरी कुठे माहीत होतं, बाबा. दार उघडं दिसत होतं."