तात्यांचे केबल पुरस्कार

दोष तात्यांचा. आधीच सांगून ठेवतो, म्हणजे मधे कुणाला त्यांची दया यायला नको.

तात्या म्हणजे मंचरच्या केबल पुरस्कार समितीचे अध्यक्ष, रिटायर्ड हेडमास्तर. नव्वदनंतर गावात घरोघर केबल गेली. केबलवाल्या बबनशेठनं स्वतःचं लोकल चॅनेल काढलं. मग मुंबईचे टीव्ही पुरस्कार बघून त्याला वाटलं, आपलेही वर्षातून एकदा पाहिजेत. मी कॉलेज सोडून त्याच्याकडं कॅमेऱ्यावर लागलो होतो. आम्ही त्या वेळची पोरं आता चहाला भेटलो, तर पुरस्कार कुणाला मिळाले ते कुणालाच सांगता येत नाही. तात्या काय बोलले ते मात्र सगळ्यांना पाठ. एक किस्सा निघाला की त्याच्या शेपटीला दुसरा असतोच.

माझे वडील मार्केटयार्डात मापाडी. कांदा-बटाट्याच्या गोण्या तोलायच्या. काट्यावर दिसतं तेवढंच खरं धरणारा माणूस. ते म्हणायचे, "तू टीव्हीत काम करतो म्हणतो, मग टीव्हीत दिसत कसा न्हाई?" कॅमेऱ्यामागचा माणूस दिसत नसतो, हे सांगून मी दमलो. अशी काही वर्षं गेल्यावर त्यांनी निकाल दिला, "एकदा दिसून दाखव. न्हाईतर येत्या जूनपास्नं यार्डात चल."

*

पहिल्या वर्षी परीक्षक कोण, असा प्रश्न आला. तात्या म्हणाले, "मी आहे ना."

बबनशेठनं चाचरत विचारलं, "तात्या, पण तुमच्याकडं आपलं कनेक्शन कुठंय?"

कनेक्शन सोडा, तात्यांच्या घरात टीव्हीच नव्हता.

"म्हणून तर," तात्या म्हणाले. "ज्याच्या घरात टीव्ही, तो निःपक्षपाती कसा राहील?"

समितीतल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. याच लोकांनी आम्हाला शाळेत शिकवलं. मी शिक्षण का सोडलं, हे मला कुणी विचारू नये.

*

आमच्याकडं बातम्या द्यायला एकच बाई, सुरेखाताई. दिवसा अंगणवाडी, संध्याकाळी साडी बदलून बातम्या. त्या वर्षी उत्कृष्ट वृत्तनिवेदिकेचा पुरस्कार जाहीर झाला. द्वितीय क्रमांक, सुरेखाताई.

मग पहिली कोण? कुणीच नाही. तात्या माइकवर म्हणाले, "प्रथम क्रमांकाच्या योग्यतेचं कुणी आढळलं नाही."

सुरेखाताईंनी गुमान ट्रॉफी घेतली आणि दुसऱ्या दिवशी बातम्यांना आल्या नाहीत. बबनशेठ बोलवायला गेला, तर दारातूनच म्हणाल्या, "पहिल्या नंबरवालीला बोलवा की."

आठवडाभर बबनशेठनं स्वतः बातम्या वाचल्या. कांद्याचा भाव सोडून एक ओळ त्याला धड वाचता आली नाही.

*

आमचं चॅनेल लाइव्ह दिसायचं ते फक्त मंचरात. पुढच्या गावांना बातम्यांची कॅसेट मोटारसायकलवरून जायची. आधी नारायणगाव, मग ओझर, मग जुन्नर. हायवे तुंबला की ओझरला आजच्या बातम्या उद्या.

एका समारंभात ओझरचा केबलवाला मधेच उभा राहिला. "तात्या, आमच्याकडं माणूस गेल्याची बातमी दहाव्याला येती राव. कायतरी करा."

तात्यांनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, "विघ्नहर्ता तुमच्या गावात, आणि तक्रार आमच्याकडं?"

हॉल हसला. ओझरवालाही हसला आणि खाली बसला. कॅसेट नंतरही उशिराच जात राहिली. म्हाताऱ्यांचं हे एक बरं असतं, बोलणं चांगलं जमलं की काम झालं असं ते समजतात.

*

पुरस्कारांच्या आधी सत्कार असायचे. समितीनं पाहुण्यांचा करायचा, पाहुण्यांनी समितीचा, मग समितीनं एकमेकांचा. एका वर्षी शाली कमी पडल्या. तात्यांनी तोड काढली. सत्कार झालेल्या माणसानं विंगेत जायचं, शाल काढून द्यायची, ती घडी घालून पुन्हा ताटात.

यादीत बरंच खाली सोसायटीचे एक माजी चेअरमन होते. शाल खांद्यावर पडली तशी त्यांनी ती चाचपली आणि माइकसमोरच म्हणाले, "तात्या, ही गरम हाय अजून."

तात्या म्हणाले, "लोकांचं प्रेम आहे, चेअरमन."

*

शेवटच्या वर्षी मला उत्कृष्ट कॅमेऱ्याचा पुरस्कार ठरला. समारंभ चॅनेलवर लाइव्ह. माझं नाव पुकारलं की कॅमेरा धरायला बबनशेठचा मेव्हणा तयार ठेवला. वडिलांना म्हटलं, हॉलवर चला.

"हॉलवर कशाला? टीव्हीवर बघतो. तसंच ठरलंय."

समारंभ सुरू झाला आणि हॉल रिकामा. लाइव्ह दिसतंय म्हटल्यावर येतंय कोण? सगळं गाव घरी बसून बघत होतं. तात्यांनी स्टेजवरून रिकाम्या खुर्च्यांकडं पाहिलं, बबनशेठला बाजूला घेतलं, काहीतरी सांगितलं. बबनशेठ बाहेर गेला.

थोड्या वेळानं माणसं यायला लागली. कुणी लुंगीवर, कुणी बनियनवर. एक बाई तर कणकेच्या हातानं आली. मला बरं वाटलं, चला, गर्दी झाली. मग पुढं आलेल्या एका माणसाचा आवाज ऐकला.

"केबल का बंद केली? चालू करा आधी."

तात्या दारात गुलाबपाणी शिंपडत उभे. "या, बसा. टीव्हीवर हेच चाललं होतं. इथं मोठं दिसतंय."

मी कॅमेरा मेव्हण्याकडं दिला आणि तात्यांकडं गेलो. "तात्या, वडील घरी टीव्हीपुढं बसलेत. माझ्या नंबरापुरतं तरी चालू करा."

"चालू केलं की ही सगळी पुन्हा घरी पळतील. वडिलांना इकडंच बोलव ना."

"ते येत नसतात, तात्या."

"मग त्यांना रस नाही," तात्या म्हणाले, आणि पुढच्या माणसाच्या अंगावर गुलाबपाणी शिंपडलं. बबनशेठ चपलेकडं बघत उभा होता.

मी ट्रॉफी घेतली. गच्च भरलेल्या हॉलनं टाळ्या वाजवल्या. नंतर चॅनेलवर लावायला रेकॉर्डिंग तरी असेल म्हणून कॅसेट बघितली, तर ती सत्कारांतच संपलेली. मेव्हण्यानं दुसरी घातलीच नव्हती.

घरी आलो. टीव्हीवर नुसत्या मुंग्या. वडील समोर बसलेले, ताट तसंच पुढ्यात. आई म्हणाली, "शेजारची समदी हॉलवर गेली. ह्यांना म्हणलं जाऊन या, तर उठंनात."

मी म्हटलं, "दादा, केबल तात्यांनी बंद केली. तुम्ही यायचं तरी."

वडील पडद्यावरची नजर न काढता म्हणाले, "उठून गेलो असतो, आन् तेवढ्यात तू दिसला असता तर?"

मी ट्रॉफी त्यांच्यापुढं ठेवली. त्यांनी ती उचलून हातात तोलली, परत खाली ठेवली आणि टीव्ही बंद केला.

"पण दिसला न्हाईस," ते म्हणाले.

त्या जूनपासून मी मार्केटयार्डात आहे. कॅमेरा मेव्हण्याकडं गेला.