येळवशीला भरायचं चलन

आमचा कारखाना सरकारमुळं बुडाला, असं मी चाळीस वर्षं सांगत आले. नवा जिल्हा, अर्धवट ऑफिस, दुष्काळ, सगळ्यांच्या नावानं बोटं मोडून झाली. त्यात माझं नाव कधी आलं नाही. आणायची हिंमतच नव्हती.

मी नांदेडची. वडिलांनी बुद्धाची दीक्षा घेतलेली, मी बी.कॉम. झालेली, घरातली पहिली पगारदार बाई. लातूरला एका छोट्या कंपनीत हिशेब लिहायला लागले. कंपनी म्हणजे पत्र्याचं शेड, पाच कामगार आणि कपाळाला विभूती लावणारे मालक. ट्रकवर बसवायच्या लोखंडी पाण्याच्या टाक्या तिथं बनत. मालक बोलायला गोड. फक्त माझा चहाचा कप तेवढा वेगळा, दाराजवळच्या खिळ्याला टांगलेला असायचा. त्यावर कधी कुणी बोललं नाही. मीही नाही. नोकरी हवी होती.

त्या वर्षी विहिरी दिवाळीतच आटल्या. लातूर नुकतंच जुन्या जिल्ह्यातून फुटून वेगळा जिल्हा झालेलं. नव्या जिल्हा परिषदेनं टाक्यांचं टेंडर काढलं. "हे गावलं तर आपुन हाव, न्हाईतर शेडाला कुलूप," असं मालकांनी आम्हा सगळ्यांना उभं करून सांगितलं. लिफाफ्यात एक कागद हवाच होता, विक्रीकराची थकबाकी नसल्याचा दाखला. आणि तिमाहीचा कर भरायची शेवटची तारीख आली नेमकी येळवशीला.

येळवस म्हणजे वेळ अमावास्या. आमच्या घरी ती नव्हती, त्यामुळं लातूरचा हा सण मला नवाच. त्या दिवशी अख्खं गाव शेतात जेवायला जातं. दुकानं बंद, रिक्षा बंद. बँक मात्र उघडी, दोन वाजेपर्यंत. आदल्या दिवशी मालक गडबडीत औशाकडच्या शेतावर निघून गेले आणि चेकबुक त्यांच्याच पिशवीत गेलं. मागाहून निरोप आला, "बाईंना सकाळच्या गाडीनं शेतात पाठवा, सही करून देतो."

दहा वाजता पोचले. शेतात होत्या नुसत्या भेगा. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन करपलेली. तरी कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, उभी होती, कडबाही विकतचा. कोपीत चुना लावलेले पाच दगड, म्हणजे पांडव, पूजेला मांडलेले. मी चलन पुढं केलं, सहीसाठी चेकबुक मागितलं तर मालक हसले.

"पूजा झाल्याबिगर कागदाला हात लावत न्हाई मी. बसा की बाई, काय पळून चाललंय?"

साडेअकराला सही मिळाली. रस्त्यावरून बारा वाजता एसटी होती. ती धरली असती तर एकच्या आत बँकेत. चेक आणि चलन पर्समध्ये घातलं, चप्पल पायात घातली, तेवढ्यात मालकांची बायको आडवी आली. सगळे तिला आक्का म्हणत.

"येळवशीला रानातनं उपाशी कुणी जात न्हाई. बसा."

"आक्का, गाडी जाईल."

"दुसरी येतीया."

आणि तिनं पत्रावळ मांडली. कुठं? वेगळी नाही, झाडाखाली नाही, पंगतीत. एका बाजूला तिची जाऊ, दुसऱ्या बाजूला ती स्वतः. समोर मालक. शेंगा-पालेभाज्यांची बेसन लावलेली भज्जी वाढली, बाजरीचे वाफवलेले उंडे वाढले, आंबिलीचं भांडं त्यांच्या हातून माझ्या हातात आलं. माझं आडनाव तिथं सगळ्यांना ठाऊक होतं.

मला उठता आलं असतं. कुणी हात धरला नव्हता. घड्याळ मनगटावर होतं आणि मला ते वाचता येत होतं. पण खिळ्यावरचा तो कप डोळ्यांसमोर आला आणि वाटलं, आज उठले तर परत कोण बसवणार? मी दुसरा उंडा मागून घेतला. सुखानं. रस्त्यावरून एसटी गेली, तिचा आवाज मी ऐकला.

एकच्या गाडीनं दोनला दहा कमी असताना लातूर स्टँडवर उतरले. एकही रिक्षा नाही. पळत सुटले. दोन वाजून पाच मिनिटांनी बँकेच्या खिडकीवर फळी पडली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पैसे भरले. एक दिवस उशीर. विक्रीकर ऑफिसातल्या कारकुनानं चलन उलटसुलट पाहिलं. "दंड ठरल्याशिवाय दाखला नाही. दंड साहेब ठरवणार. साहेबांची जागा रिकामी आहे. तुमची फाईल अजून जुन्या जिल्ह्यात आहे." टेंडरला आठ दिवस होते. सरकारी काम आणि सहा महिने थांब. मी जुन्या जिल्ह्याला चार खेपा घातल्या. तिथला साहेब म्हणे, आता तुम्ही लातूरचे. लातूर म्हणे, फाईल आणा. एका शिपायाच्या मी पाया पडले. खरंच पडले, व्हरांड्यात, लोकांसमोर. तो बिचारा घाबरून आत पळाला.

लिफाफा दाखल्याशिवायच गेला आणि बाजूला काढला गेला. पाडव्याच्या आत शेड बंद करायचं ठरलं.

शेवटच्या दिवशी मी रडत होते. सगळ्यात जुने वेल्डर चाचा जवळ आले. "नक्को रो बेटी. बँकच बंद हो गई, तेरी क्या गलती?" त्यांना घरी चार मुली होत्या. मी मान हलवली. सांगायचं होतं तर ते तेव्हाच सांगायचं होतं.

मालकही म्हणाले, "बाई, तुमी लई पळालात. नशिबात न्हवतं." मग सगळ्यांना चहा मागवला. पाच जणांना किटलीतून शेडातल्या कपांत. मग ते दाराजवळ गेले, खिळ्यावरचा माझा कप काढला, स्वतःच्या हातानं विसळला आणि किटली उंच धरून वरून चहा ओतून माझ्यापुढं ठेवला.

मी तो प्याले.