ज्याचं पुस्तक त्याच्याच हातात

आमच्या सोसायटीच्या वाचनकट्ट्यात मी प्रत्येकाला त्याच्याच समाजावरचं पुस्तक वाचायला दिलं. शेजाऱ्यांनी एकमेकांना समजून घ्यावं म्हणून कट्टा मीच सुरू केला होता, त्यामुळे ही अक्कलही माझीच. आपल्या माणसांबद्दल वाचायला कोणाला आवडणार नाही, असं मला वाटलं.

रविवारी क्लबहाउसमध्ये सगळे जमले. पहिलीच बैठक होती. ती फसली तर पुन्हा कोणी फिरकणार नाही, हे मला ठाऊक होतं. आमच्याच इमारतीतल्या, मूळच्या कोन या गावच्या आगरी काकांना मी मिठागरांवरचं पुस्तक दिलं होतं. काका म्हणाले, "यातला सगला मना म्हाईत हाय." एवढं बोलून त्यांनी पुस्तक मिटलं.

मी आशेने समोरच्या फ्लॅटमधल्या भाभींकडे वळलो. त्यांच्याकडे एका मुस्लिम घरातल्या रमजानची कादंबरी होती. त्या म्हणाल्या, "भाईसाब, पहाटे सहरीला काय खातात, हे मलाच वाचायला दिलंत?"

"अहो, मग निदान एकमेकांना काही विचारा ना!" मी जवळजवळ ओरडलोच. त्यावर एकाने विचारलं, "उद्या पाण्याचा टँकर किती वाजता येणार?" मी कपाळावर हात मारला.

निघताना भाभींनी काकांकडून मिठागरांचं पुस्तक मागून घेतलं आणि त्यांना आपली कादंबरी दिली. मला कोणी विचारलंच नाही. शेवटी मीच काकुळतीने म्हणालो, "काका, पुढच्या वेळी याल ना?"

"येन की," काका म्हणाले. "पन पुस्तकां आमी वाटू. तुमी नुसता चाय आना."