माईकबाईच्या उजव्या हाताला

माईक समोर आला की माझी मोठी जाऊ त्याच्या दांडीवर हात ठेवायची, वासराच्या मानेवर ठेवावा तसा. कार्यक्रम संपेपर्यंत तो हात निघत नसे. दुसरीला गाणं म्हणायचं असलं तर तिनं बाजूनं मान घालून म्हणावं. म्हणून आमच्या रिठद गावात तिला सगळे माईकबाई म्हणायचे. तिला त्याचा राग नव्हता. उलट ती सांगायची, "माईक मी कायले मांगू? तोच माह्याकडं तोंड करून राह्यते."

मी तिला नुसतं बाई म्हणायची. ती मला लहानी म्हणायची.

आवाज तिला खरंच होता. आमच्या वावरात वांगी तोडताना ती या टोकाला गुणगुणली तरी त्या टोकाला सासऱ्यांची मान डोलायची. मी शेजारच्याच ओळीत असायची, पण माझ्या गाण्यानं कोणाची मान कधी डोलली नाही. माझा आवाज ओठांच्या बाहेर येताना लाजतो. लग्न होऊन आले तेव्हा मी कोणासमोर पाणीसुद्धा मोठ्यानं मागत नव्हते. बाई मात्र आली त्याच दिवशी बँडवाल्यांना म्हणाली होती म्हणे, की जरा सुरात वाजवा.

देवानं तिला एक गोष्ट दिली नव्हती. तिला कोणत्याही गाण्याची दुसरी ओळ आठवत नसे. पहिली ओळ अशी झोकात उचलायची की वाटावं हिला सगळं येतं, आणि मग डोळे मिटून थांबायची. लोकांना वाटे बाई रंगली. ती रंगलेली नसायची, माझी वाट पाहत असायची. मी तिच्या उजव्या हाताला मागे सरकून बसायची आणि पुढची ओळ तिच्या कानात सांगायची. चौथीपर्यंतच शिकले, पण एकदा कानावर पडलेलं माझ्यातून जात नाही. मी सांगायची आणि ती म्हणायची. इतकी वर्षं हे चाललं की कोणाला ते दिसेनासं झालं, जसा पंख्याचा आवाज ऐकू येईनासा होतो.

भुलाबाईच्या दिवसांत तर याचा कळस व्हायचा. भादव्याच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत आमच्या अंगणात पोरीबाळी, सुना जमायच्या. गाणी झाली की खाऊचा डबा निघायचा. झाकण न उघडता डबा वाजवून दाखवायचा आणि आवाजावरून आत काय आहे ते ओळखायचं. मला पहिल्या हलवण्यात कळायचं. फुटाणे डब्याच्या अंगावर टकटक करतात, भाजलेले शेंगदाणे लोळतात, खोबऱ्याचे तुकडे एकमेकांना घासतात. मी बाईच्या कानात सांगायची. बाई हनुवटी वर करून, मधलं अक्षर लांबवून म्हणायची, "फुटाऽऽणे." सगळ्या टाळ्या पिटायच्या. माईकबाईचे कान काय तिखट आहेत, असं म्हणत बाया घरी जायच्या. डबा घासायला माझ्याकडे यायचा.

दोन वर्षांपूर्वी रिसोडचे इस्माईलभाई आमच्याकडे आले. ते आधी लाउडस्पीकर दुरुस्त करायचे, मग त्यांनी भावाच्या गाद्यांच्या दुकानामागे रेकॉर्डिंगची खोली केली. चारही भिंतींना आणि वर छतालाही गाद्या. त्या खोलीत बोललं की आपला शब्द तोंडापुढेच पडतो, पुढे जात नाही. पुण्याच्या एका स्टुडिओला वऱ्हाडातली भुलाबाईची गाणी हवी होती. पण नेहमीसारखी नाही. ऐकणारा मधे बसला आहे आणि बाया त्याच्या भोवती फेर धरून गात आहेत, कोणी मागून, कोणी डोक्यावरून, असं गाणं त्यांना करायचं होतं. त्यासाठी प्रत्येकीचा आवाज, टाळ, ढोलकी, सगळं सुटंसुटं पाठवायचं. त्या सुट्या आवाजाला इस्माईलभाई स्टेम म्हणायचे. आम्ही पट्टी म्हणायचो, कारण काँप्युटरवर ती पट्टीसारखीच दिसायची.

त्यांनी आम्हा बायांना रिसोडला नेलं आणि चहा पाजून सगळं समजावलं. एकीच्या पट्टीत दुसरीचा आवाज शिरता कामा नये. शिरला तर एकीला पुढे बसवलं की दुसरीही तिच्यामागे फरफटत जाणार. सगळ्या पट्ट्या एकाच जागेपासून सुरू आणि एकाच जागी संपल्या पाहिजेत. "जे गप हाये, तिचीबी पट्टी पुरी लांब जाते भाबी," ते म्हणाले, "नाई तर तिकडं सगळ्या मांगं-पुढं होतात." आणि आवाजाला घुमारा द्यायचा नाही, कोरडा पाठवायचा. घुमारा पुण्याला देतील.

हे शेवटचं बाईला मुळीच पटलं नाही. ती प्रत्येक मंडपात आधी माईकवाल्याला सांगायची की इको वाढव. कोरडा आवाज म्हणजे तिला बिनतेलाचे केस वाटायचे. तरी ती गाद्यांच्या खोलीत एकटी गेली. आम्ही काचेतून पाहत होतो. तिनं दांडीवर हात ठेवला, पहिली ओळ उचलली, डोळे मिटले आणि थांबली. ढोलकी तिच्या कानावरच्या हेडफोनात वाजत राहिली. बाई थांबलेलीच. इस्माईलभाईंनी पुन्हा सुरू केलं, पुन्हा तेच. बायांना वाटलं तिला घाबरल्यासारखं झालं. मला माहीत होतं काय झालं ते. खोटं कशाला सांगू, मी लगेच उठले नाही. काचेच्या अलीकडे बसून मी तिला थांबलेलं पाहत होते आणि मला थंड पाणी प्याल्यासारखं वाटत होतं.

मग तिनं काचेतून मला बोट दाखवलं. "हिले आत पाठवा," म्हणाली, "हिच्याबिगर मले दिसत नाई." इस्माईलभाई नको म्हणत होते. पण वेळ चालला होता, म्हणून मला तिच्या उजव्या हाताला उभं केलं आणि शक्य तितकं हळू बोलायला सांगितलं. गाणं सरळ पार पडलं.

इस्माईलभाई पट्ट्या तयार करायला बसले तेव्हा त्यांनी एकेकीची पट्टी एकटी वाजवून पाहिली. बाईची लावली. तिचा आवाज पडद्यावर भरलेल्या कापसासारखा फुललेला दिसत होता, आणि प्रत्येक बोंडाच्या आधी नुकत्याच उगवलेल्या मेथीसारखं बारीक काहीतरी. ती मी होते. मी स्वतःला पहिल्यांदा ऐकलं. माझा आवाज वाईट नव्हता. कोणीतरी झोपलेल्या लेकराला उठवावं तसा होता. मी हे कोणाला म्हटलं नाही.

इस्माईलभाईंनी ती मेथी एकेक करून खुडली. माझ्या जागी कोरी पोकळी ठेवली आणि पट्टी पुन्हा वाजवली. बाईचा आवाज स्वच्छ, मोठा, सुंदर. आता हीच जाणार. मला बोलायचं होतं. ‘भाई, मलाही वेगळी पट्टी द्या’, इतकंच. वाक्य मी तोंडात कितीदा फिरवलं, ओठांपर्यंत आणलं आणि गिळलं.

बाईनं कानावरचं काढून टेबलावर ठेवलं. म्हणाली, "हे मी नोहो."

इस्माईलभाई हसले. आवाज तुमचाच आहे भाबी, म्हणाले. ती म्हणाली, "आवाज माहा असन. पण हे बाई एकटी हाये. मी कधी एकटी गायली? लहानीले काढलं तं मी आंधळ्यावानी भिंतीले हात लावत चालल्यासारखी वाटून राह्यली."

त्यांनी परोपरीनं समजावलं की दोघी एका पट्टीत चालणार नाहीत, आणि पुण्याच्या लोकांनी कानात सांगणारीची पट्टी मागितलेली नाही. बाईनं पदर खांद्यावर घेतला. "मंग तिची येगळी करा. थे जात नसन तं माही बी पाठवू नका. चाला वं बायाहो."

मग टाळवाल्या काकूंनी डोळ्यांना पदर लावला. बाईचं मन किती मोठं, धाकट्या जावेसाठी एवढं कोण करतं, असं सुरू झालं. मी तिथेच उभी होते. इतकी वर्षं तिची प्रत्येक ओळ मी सांगितलेली होती. ही एकच ओळ मी तिच्या कानात सांगितली नव्हती, आणि ती माझी होती. तीही तिनंच मोठ्यानं म्हटली.

मग मी गाद्यांच्या खोलीत एकटी उभी राहिले. कानात बाईचं गाणं, आणि तिच्या प्रत्येक ओळीआधी मी हळूच सांगायचं. माझी पट्टी बहुतेक कोरीच होती, पण पुरी लांब. इस्माईलभाईंनी पट्टीला नाव काय देऊ विचारलं. बाई म्हणाली, "लहानी लिवा." माझं खरं नाव त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

पुण्याहून गाणं तयार होऊन आलं तेव्हा सगळ्यांनी आळीपाळीनं कानाला लावून ऐकलं. खरंच अंगणात बसल्यासारखं होतं. बाई समोर, बाया भोवती, ढोलकी डावीकडे. आणि उजव्या कानामागे, इतक्या जवळ की मी मागे वळून पाहिलं, मी. मी ओळ सांगते आणि समोरून बाई उचलते. ज्यानं त्यानं ऐकून मान वर केली आणि म्हटलं, माईकबाईनं लहानीला काय जागा दिली. दिली, हेच सगळे म्हणत राहिले. तेव्हा बाई माझ्या पाठीवर हात ठेवून बसली होती, दांडीवर ठेवायची तसाच.

या उन्हाळ्यात ती गेली. मेथीच्या जुड्या बांधता बांधता छातीत दुखतं म्हणाली. रिसोडच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तिनं माझं मनगट सोडलं नाही. बोलायचा प्रयत्न करत होती आणि मधेच थांबत होती. डोळे मिटून नाही, माझ्याकडे पाहून. पुढची ओळ मला ठाऊक नव्हती. भेटायला आलेल्या प्रत्येक बाईनं मला तीच गाद्यांच्या खोलीतली गोष्ट सांगितली, जणू मी तिथे नव्हतेच. मी रडत होते, आणि रडताना आतून जळतही होते. दोन्ही एकाच वेळी होतं, हे मला तेव्हा कळलं.

यंदा भुलाबाई आमच्याच अंगणात बसल्या. माईक माझ्यापुढे ठेवला. मी तो बाजूच्या सुनेकडे सरकवला. गाणी झाली, डबा निघाला. शेजारची पोर हलवायला लागली. जड, बोथट, एकमेकांवर आपटणारा आवाज. मला लगेच कळलं. मी सवयीनं डाव्या बाजूला झुकून सांगितलं. तिथे कोणी नव्हतं, रिकामं जोतं होतं.

पोरीनं डबा पुन्हा हलवला. कोणाला ओळखेना. तिसऱ्यांदा हलवून ती माझ्याकडे पाहत म्हणाली, "काकू, तुमी कायतरी बोल्ल्या. जोरानं बोला नं."

सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मग मी बोलले, अंगणाच्या फाटकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्यानं.

"शंकरपाऽऽळे."

टाळ्या पडल्या. एक म्हातारी म्हणाली, "बाई बोलल्यासारखंच वाटलं वं." माझी हनुवटी अजून वर होती. मी ती खाली घेतली. आयुष्यात एकदा मोठ्यानं बोलले, तर तेही तिच्याच हेलात.